फक्त विचारायची गल्ली

विचारायचं, टॅबवर टिपून घ्यायचं आणि स्वतःचं मत पोटात ठेवायचं, एवढीच वहिनीची नोकरी होती. ऐकायला सोपी. करून बघा.

संशोधन लशीबद्दल होतं. लस फुकट, केंद्र चालत जाण्यासारखं, तरी काही आया मुलांना नेतात आणि काही नेत नाहीत. हे ठरतं कुणाच्या सांगण्यावरून? सासूच्या, शेजारणीच्या, की फोनवर फिरणाऱ्या एखाद्या व्हिडिओच्या? ते शोधायला मोठ्या लोकांनी गल्ल्या वाटून घेतल्या. काही गल्ल्यांत तिथल्याच बायकांना शिकवून घरोघर समजवायला पाठवलं. उरलेल्या गल्ल्यांत कुणी काही समजवायचं नाही, फक्त विचारायचं. शेवटी दोन्हींची तुलना. समजावल्याने फरक पडतो हे दाखवायचं तर कुणाला तरी न समजावता सोडावं लागतं. हिशेब चोख होता. फक्त ज्यांना सोडलं त्यांना कुणी विचारलं नव्हतं, की बायांनो, तुम्हाला सोडू का?

वहिनीच्या वाट्याला फक्त विचारायची गल्ली आली, आणि त्याच गल्लीत तिची नणंद राहत होती, चिंगी. नवऱ्याची एकुलती एक धाकटी बहीण, हसली की दोन घरं पलीकडे ऐकू जाणारी. चिंगी वहिनी म्हणायची म्हणून सगळी गल्लीच तिला वहिनी म्हणायची. ऑफिसातले सर खूश. "तुमच्यासाठी दारं उघडतात. असं माणूस शोधून मिळत नाही," म्हणाले.

पहिल्या फेरीला ती गेली तेव्हा चिंगी मशीनवर पडदे शिवत बसली होती. दिवस भरत आलेले, पोट मशीनला टेकत होतं.

"या बाई, आल्या परीक्षा घ्यायला! नापास केलंस तर भावाला सांगीन हां."

"तोच नापास आहे, तो काय करणार?" वहिनी म्हणाली आणि दोघी हसल्या.

पाच वर्षांची माऊ, चिंगीची थोरली, टॅबमध्ये डोकं घालून उभी. "मामी, मला पण विचार."

"बरं. आवडती भाजी कोणती?"

"कुठलीच नाही. लिही."

वहिनीने लिहिल्यासारखं केलं, मग खरे प्रश्न सुरू झाले. अर्ध्यात चिंगीने मशीन थांबवलं.

"माऊची ती गोवरची सुई राहिलीच बघ. द्यावी का गं? पलीकडच्या गल्लीत एका पोराचा पाय सुजला म्हणतात."

"तुला काय वाटतं?"

"अगं, मी तुला विचारतेय."

"इथं तुझंच मत लिहायचंय."

"ठेव तो टॅब खाली. नणंद विचारतेय. तुझ्या लेकाला दिली होतीस ना?"

दिली होती. कडेवर घेऊन रांगेत उभी राहिली होती, ताप आला तर रात्रभर पट्ट्या ठेवल्या होत्या, आणि पोरगं आज मिसरूड फुटून हुंदडत होतं. पण प्रशिक्षणात नेमकं हेच बजावलेलं: स्वतःचं उदाहरण द्यायचं नाही, एका घरात बोललात तर अख्खी गल्ली बाद.

"तेव्हाचं आता कुठं आठवतंय," वहिनी म्हणाली.

कोपऱ्यातल्या खाटेवर चिंगीची सासू पडली होती. ती उठून बसली. "ऐकलंस? ही त्यातच काम करते. चांगलं असतं तर घरच्या माणसाला सांगितलं नसतं?"

चिंगीने एकदा वहिनीकडे बघितलं आणि मशीन पुन्हा चालू केलं.

संध्याकाळी एक फोन करता आला नसता का? आला असता. पण सरळ माणसाची हीच तर गोची. लबाड माणूस नियम ऑफिसात टांगून घरी येतो, सरळ माणूस तो उशाशी घेऊन झोपतो. सगळ्या फेऱ्या संपल्या की पहिलं चिंगीला सांगायचं, असं तिने मनाशी ठरवून टाकलं. रोगाला तिच्या फेऱ्यांचं वेळापत्रक कुणी दिलं नव्हतं.

गोवर आला थंडीत. आधी शाळेत, मग गल्लीत. चिंगीचा तान्हा तेव्हा काही महिन्यांचा होता. समोरच्या इस्त्रीवालीने त्याला उचलून आपल्या बहिणीकडे नेऊन ठेवलं, म्हणून तो वाचला. माऊच्या अंगावर पुरळ उठलं, डोळे लाल झाले, मग ताप छातीत उतरला. हॉस्पिटलात तिच्या तोंडाला लावलेला मास्क मोठ्या माणसाचा होता. बाजूने हवा जायची म्हणून चिंगी तो हाताने दाबून धरायची. वहिनीने "मी धरते" म्हटलं तर तिने हात हलवला नाही. पोरीने शेवटी शेवटी पाणी मागितलं आणि नर्सने नको म्हटलं. ते पाणी चिंगी आजही बोलून दाखवते.

तिथून पुढे चिंगी आणि वहिनीमध्ये बोलणं उरलं नाही. भांडण नाही, शिवी नाही. फोन वाजायचा आणि वाजून बंद व्हायचा.

आणि मग दुसरी फेरी आली.

"सर, त्या घरी दुसरं कुणी पाठवा," वहिनी म्हणाली.

"पाठवलं असतं. पण विचारणारा माणूस बदलला की उत्तरं बदलतात. तुम्हाला माहितीये."

"मग मला बोलू तरी द्या. तिथं तान्हं पोर आहे, नऊ महिने झालेत त्याला, आता गोवरची सुई देता येते. केंद्रातली नर्स जाऊन आली, नणंदेने दार उघडलं नाही. सुईचं नाव काढलं की थरथरते. तिची सासू म्हणते, एक गेली, आता दुसऱ्याला टोचून मारू नका."

सरांनी चष्मा काढला. माणूस वाईट नव्हता. घरी त्यांनाही नात होती.

"ही फेरी होऊ द्या. साथीमुळे अभ्यास थांबवावा का, ते वर विचारलंय, उत्तर यायचंय. आणि आपण कुणाला अडवलंय का? केंद्र तर उघडंच आहे. मलाही वाईट वाटतं हो."

वाईट वाटणं ही मोठी सोयीची गोष्ट आहे. वाटून झालं की चष्मा पुन्हा घालता येतो.

वहिनी गेली. चिंगीने दार उघडलं, आत घेतलं, खुर्ची पुढे केली. परक्या बाईला द्यावी तशी. मशीनवर चादर टाकलेली. तान्हा जमिनीवर बसून रिकामं रीळ चोखत होता.

"विचार," चिंगी म्हणाली.

"नको गं. मी नुसतीच आलेय."

"नुसती येतेस होय? विचार म्हटलं ना. सगळे विचार, एक पण गाळू नकोस."

वहिनीने विचारले. घरात माणसं किती, या प्रश्नाशी तिचं बोट थांबलं. चिंगीने स्वतः टॅब ओढून आकडा दाबला आणि परत दिला. मग तो प्रश्न आला. मुलीला लस न देण्याचं ठरवताना तुम्ही सगळ्यांत जास्त कुणाचं ऐकलंत?

"तुझं."

"चिंगे, मी तर काहीच बोलले नव्हते."

"हो ना. माझी सासू बडबडते, तिचं मी कधी ऐकत नाही. शेजारणी बोलतात, सोडून देते. तू गप्प बसलीस. मी म्हटलं, हिला आतलं काही ठाऊक असेल, नोकरीपायी बोलता येत नसेल. नको बाई, राहू दे." ती रडत नव्हती. बाजारभाव सांगावा तसं सांगत होती. "लिही."

वहिनीने टॅब खाली ठेवला. खुर्चीवरून उतरून तिच्यासमोर जमिनीवर बसली.

"माझ्या लेकाला दिली होती. मला सगळं आठवत होतं, चिंगे. खोटं बोलले मी. याला घेऊन चल. आत्ता. मी रिक्षा आणते."

"आता सांगतेस?"

"जोड्याने मार मला, पण याला ने."

"तुझं एकदा ऐकलंय मी." चिंगीने पोराला उचलून छातीशी धरलं. "तुझ्यासोबत दवाखान्याची पायरी चढायची नाही मला. जा."

खाटेवरच्या म्हातारीने पांघरूण डोक्यावर ओढून घेतलं.

वहिनी बाहेर आली. टॅब आतच राहिला होता, त्याच्यासाठी ती मागे वळली नाही. समोर इस्त्रीवाली गरम इस्त्री उचलून शर्टाच्या कॉलरवर फिरवत होती. भर दुपारी, चार बायका बघत असताना, वहिनी तिच्या टेबलाशी जाऊन उभी राहिली.

"मावशी, तुमचं ती ऐकेल. पोराला केंद्रावर न्या. गोवर अजून गेलेला नाही. माझं नाव काढू नका."

"आणि तुझी नोकरी?"

"ती गेली."

इस्त्रीवालीने इस्त्री उभी केली, बटण बंद केलं, हात पदराला पुसले. "चिंगे," तिने गल्ली ओलांडतानाच हाक मारली, "पोराला टोपी घाल. चल माझ्याबरोबर. कुठं ते विचारू नकोस."

आत बराच वेळ काही झालं नाही. एकदा चिंगीचा आवाज चढला, मग म्हातारीचा. वहिनी त्या दाराकडे बघतही नव्हती, इस्त्रीच्या टेबलावरच्या जळक्या डागाकडे बघत होती. मग दार उघडलं. पुढे इस्त्रीवाली, मागे टोपी घातलेलं पोर घेऊन चिंगी.

वहिनी लांबून त्यांच्या मागे गेली. केंद्राच्या आत गेली नाही, कुंपणाच्या जाळीशी उभी राहिली. पोराची किंकाळी तिने बाहेरून ऐकली आणि जाळी घट्ट धरली. सुई दिल्यावर थोडा वेळ तिथेच बसायला लावतात. व्हरांड्यातल्या बाकावर चिंगी पोराची मांडी चोळत बसली होती, आणि आता, इतक्या महिन्यांनी, तोंडात ओढणी कोंबून रडत होती. इस्त्रीवालीने तिच्या पाठीवर हात ठेवला होता. त्या जागी वहिनीचा हात असायचा, चिंगीच्या दोन्ही बाळंतपणांत तोच होता.

चिंगीने मान वर केली. जाळीपलीकडे वहिनी दिसली. पोराला उचलून तिने दुसऱ्या खांद्यावर घेतलं, त्याचं तोंड भिंतीकडे जाईल असं.

वहिनी तिथून निघाली. घरी नवरा जेवायचा थांबला असेल. रोज विचारतो तसंच आजही विचारेल, चिंगी बोलली का गं? पोराला सुई मिळाली, एवढं सांगता येईल. त्यापुढे काय सांगायचं, ते तिला घर येईपर्यंत सुचलं नाही.