ठिपक्याची शेपटी

शुक्रवारी दुपारी साडेतीनला नव्वाफने मार्करवरच्या, म्हणजे रंगाच्या गोळ्या मारायच्या बंदुकीवरच्या, काचेला डोळा लावला आणि म्हणाला, "ही बिघडली आहे."

"कोरी आहे," त्याचा चुलतभाऊ मुताज म्हणाला. "कालच खोका फोडला."

"ठिपक्याला शेपटी आहे."

मुताजने मार्कर ओढून घेतला. काच म्हणजे अंगठ्याएवढी नळी होती. आत लाल ठिपका उमटायचा, आणि ठिपका ज्याच्यावर ठेवू त्याला रंगाची गोळी लागेल, असं मुताजचं म्हणणं होतं. "गोल आहे, भावा. मसुराच्या दाण्यासारखा. तुझ्या डोक्यासारखा म्हणणार होतो, पण तुझं डोकं एवढं गोल नाही."

अकाबा बंदरातल्या सकाळच्या पाळीचे अकराजण वर्षातून एकदा सहलीला जायचे. यंदा समुद्रावर मासे भाजण्याऐवजी ते शहराबाहेरच्या या मैदानावर आले होते. जुने टायर, पिंपं आणि लाकडी फळ्यांचे आडोसे. मागे तांबडा डोंगर. अकरापैकी एकानेही हा खेळ आधी खेळला नव्हता. काच मात्र एकट्या मुताजने आणली होती, आणि तीही नव्वाफसाठी, कारण आपल्या संघाने मुकादमाला हरवायचं असं त्याने आठवडाभर घोकलं होतं.

नव्वाफने मार्कर परत घेतला. शेपटी तिथेच होती, उजवीकडे खाली ओघळलेली. त्याने ती शेजारच्याला दाखवली. "गोल." मग चहाचं पाणी ठेवणाऱ्या म्हाताऱ्या सामीला. "गोल आहे रे बाबा." मग मुकादमाला, म्हणजे अबू घैथला.

अबू घैथने सावकाश पाहिलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "क्रेनच्या केबिनची काच या माणसाने दोन महिन्यांत दोनदा बदलून घेतली. म्हणे खारं वारं, धूळ, पुसणारा आळशी! आता हीसुद्धा खराब. नव्वाफ, जगातली एक तरी काच तुला चालते का?"

सगळे हसले. नव्वाफही हसला. मग वळून त्याने डाव्या डोळ्याने काचेत पाहिलं. ठिपका गोल होता. उजव्याने पाहिलं. शेपटी.

त्याने पुन्हा डाव्याने पाहिलं. पुन्हा उजव्याने.

"लग्न लावतोयस का तिच्याशी?" मुताज म्हणाला. "चल!"

मैदान चालवणारी जानसेत सगळ्यांना मास्क वाटत होती. तिला सगळे कॅप्टन म्हणत. "ती काच काढा," ती म्हणाली. "नवख्या माणसाला ती नडते."

"उलट आहे, कॅप्टन," मुताज म्हणाला. "नवख्याला नेम येत नाही, म्हणून तर काच हवी."

"गोळी सरळ जातच नाही. थोडी गेली की खाली पडते. तुम्ही सरळ बघून काय करणार? शिवाय मास्कमुळे डोळा काचेपर्यंत नीट पोचत नाही. मान वाकडी होते, एक डोळा मिटतो आणि बाजूने आलेला माणूस दिसत नाही. पहिली गोळी कुठे पडली ते बघा, हात थोडा उचला, दुसरी मारा. बस."

"याला माणूस दिसणार नाही? हा चाळीस मीटर उंचावरून ट्रकवर कंटेनर ठेवतो!"

"मग याला काच कशाला?" जानसेत म्हणाली.

पहिला डाव नव्वाफ काच लावूनच खेळला. त्याला खेळायचं नव्हतं, तपासायचं होतं. पिंपामागे बसून त्याने ठिपका टायरवर, दगडावर, फळीच्या खिळ्यावर ठेवून पाहिला. शेपटी प्रत्येक ठिकाणी तशीच. त्याने मास्कची काच पुसली. मुंडाशाच्या टोकाने नळी पुसली. चौथ्या मिनिटाला डाव्या बाजूने येऊन अबू घैथने त्याच्या बरगडीवर तीन गोळ्या मारल्या.

"झोपला होतास का?"

बाहेरच्या बाकावर तो बसू शकला नाही. उठला, कुंपणापर्यंत गेला, परत आला. रविवारी बंदराच्या दवाखान्यात डोळ्यांची वार्षिक तपासणी होती. तिची त्याला भीती नव्हती, आणि आता भीती नव्हती याचीच भीती वाटत होती. नऊ वर्षं भिंतीवर अक्षरांचा तोच तक्ता होता. खालच्या दोन ओळी त्याला पाठ होत्या. कुठलाही डोळा झाकला तरी तो पास होणार होता.

तीन आठवड्यांपूर्वीचा एक कंटेनर त्याला आठवला. जहाजावरून उतरवलेला कंटेनर धक्क्यावर छातीच्या उंचीला थांबवायचा असतो. खालचा माणूस हात घालून चारही कोपऱ्यांची कुलपं काढतो. त्या दिवशी कंटेनर हातभर जास्त खाली गेला होता. खालचा माणूस मागे उडी मारून रेडिओवर ओरडला होता, "भावा, माझ्या लग्नाचं कर्ज फिटलेलं नाही, इतक्यात मारू नकोस!" नव्वाफने काचेला शिव्या घातल्या होत्या. खालचा माणूस मुताज होता.

दुसऱ्या डावात त्याने काच काढून खिशात टाकली. दोन्ही डोळे उघडे ठेवले. पहिली गोळी अबू घैथच्या पायापाशी फुटली. त्याने हात जरासा उचलला. दुसरी छातीवर बसली, नारिंगी रंग उडाला, आणि मुकादम हात वर करून शिव्या देत बाहेर निघाला. मुताज आडोशामागून नाचायला लागला.

मिनिटभर नव्वाफला वाटलं की डोळ्याला काही झालेलं नाही.

"बघा!" जानसेत कुंपणापलीकडून म्हणाली. "काच एकाच डोळ्यावर सगळं टाकते. दोन्ही उघडे ठेवले की एकात काही कमी असलं तरी दुसरा सांभाळून घेतो."

तिने कौतुकच केलं होतं. नव्वाफने मार्कर खाली टेकवला आणि डाव संपायच्या आत हात वर करून बाहेर आला.

"लागली का?" मुताजने ओरडून विचारलं. "कुठे लागली? रंग कुठे आहे?"

सामीने चुलीवर टोमॅटो परतायला घेतले होते. अबू घैथ शर्टावरचा रंग पुसत होता. "ये, चोरा. उद्या सकाळी सहाला जहाज लागतंय. साठ कंटेनर. वर तू, खाली तुझा हा नाच्या."

नव्वाफने खिशातली काच काढून त्याच्यापुढे धरली.

"अबू घैथ, तुम्हाला ठिपका कसा दिसतो?"

"पुन्हा तेच? गोल."

"मला उजव्या डोळ्याने गोल दिसत नाही. डाव्याने दिसतो. केबिनची काचही डाव्याने स्वच्छ दिसणार. मी कधी पाहिलं नाही."

अबू घैथचा हात शर्टावरच थांबला. त्याने काच घेतली, एक डोळा मिटून पाहिलं, मग दुसरा मिटून पाहिलं. नव्वाफ उभ्या उभ्या एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकत राहिला.

"रविवारी काय करणार होतास?"

"तक्ता पाठ आहे."

"मलाही आहे," अबू घैथ म्हणाला. त्याने फोन काढला, थोडं लांब गेला आणि कुणाला तरी उद्या पहाटे साडेपाचला यायला सांगितलं. परत आला तेव्हा त्याचा आवाज चढला होता. "दोन काचा! दोन काचांसाठी मी वरच्या साहेबांशी भांडलो! तो पुसणारा पोरगा माझ्याकडे येऊन रडला होता, माहीत आहे?"

"माहीत नव्हतं."

"त्याची चूक नव्हती, हे त्याला सांगशील."

"सांगतो."

"केबिनमधली खुर्ची परत मिळेलच असं मी म्हणत नाही."

"तुम्ही म्हणालाही नाहीत."

डाव संपवून मुताज धावत आला. त्याच्या मास्कवर हिरवा रंग होता. "जिंकलो! आणि तू पळून आलास! काय झालं? दोघांचे चेहरे असे का?"

"उद्या मी वर नाही," नव्वाफ म्हणाला.

मुताजने एकदा याच्याकडे, एकदा त्याच्याकडे पाहिलं, मग मुकादमाच्या हातातल्या नळीकडे. "हिच्यावरून भांडलात? वल्लाह, परत करून टाकतो. बिघडलीच असेल."

"बिघडलेली नाही," नव्वाफ म्हणाला आणि ती अबू घैथच्या हातातून घेतली. "दोन दिवस माझ्याकडे राहू दे. डॉक्टरांना दाखवायची आहे."