रक्तपेढीच्या आराखड्याचा नकार

मी एक जुना आराखडा आहे. घराचा किंवा पुलाचा नव्हे, माहितीचा. रक्तपेढीच्या संगणकात कोणती माहिती कुठे ठेवायची आणि तिचे कशाशी नाते आहे, हे मी ठरवतो. लोक मला हट्टी म्हणतात. खुशाल म्हणोत.

मित्रांनो, माझा जन्म एका पांढऱ्या फळ्यावर झाला. मला आखणारी प्रोग्रामर इतक्या वेळा चौकोन पुसून पुन्हा काढी, की सगळे तिला 'खोडरबर' म्हणत. रक्तदाता, पिशवी, चाचणी, फ्रिज असे माझे चौकोन आणि त्यांना जोडणाऱ्या रेघा. प्रत्येक गोष्ट एकाच जागी लिहायची आणि चाचणीशिवाय पिशवी द्यायची नाही, हे तिने माझ्यात पक्के मुरवले. एकदा घाईघाईत कुणीतरी चाचणीविना पिशवी बाहेर काढू पाहिली. मी साफ नकार दिला. तेव्हा माझे कोण कौतुक झाले!

मग नवे स्क्रीन आले. ते करणाऱ्यांनी डोके न लावता माझ्या एकेका चौकोनाचे एकेक बटण करून टाकले. एका दुपारी एका बाळंतिणीसाठी तातडीने रक्त हवे होते. रक्तपेढीतल्या सिस्टर या बटणावरून त्या बटणावर चकरा मारत राहिल्या. पिशवी फ्रिजमध्येच होती, पण सापडली फार उशिरा. बाळंतीण वाचली, मात्र सगळ्यांच्या तोंडचे पाणी पळाले.

खापर माझ्यावर फुटले.

"मोडीत काढा तो आराखडा. सगळं एकाच तक्त्यात कोंबा," रक्तपेढीचे साहेब म्हणाले.

"साहेब, पिशवी जागेवरच होती. तिच्यापर्यंत जायचा रस्ता चुकलाय," खोडरबर म्हणाली.

"मला वाद नकोय. करून दाखवा."

तिने माझी एक नक्कल घेतली आणि तिच्यात सगळे एकत्र कोंबले. एकच पिशवी दोन-दोन ओळींत आली आणि लगेच घोळ झाला. एका पिशवीच्या चाचणीचा निकाल बदलला. तो एका ओळीत सुधारला, दुसरीत तसाच राहिला. एकाच पिशवीपुढे इथे 'बाद', तिथे 'चालेल'!

"तुमच्या घरच्या माणसाला चढवू का ही पिशवी?" तिने विचारले. साहेबांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "नको. जुनाच राहू दे."

मग ती स्क्रीनची मांडणी करणाऱ्या दादाला घेऊन सिस्टरांजवळ जाऊन बसली.

"तुम्ही आधी काय शोधता?" दादाने विचारले.

"रक्तगट. मग आत्ता देता येईल का, आणि कुठल्या फ्रिजमध्ये आहे. तुमच्या चौकोनांची नावं पाठ करायला मी काय परीक्षेला बसलेय?"

दोघेही ओशाळून हसले. त्याच क्रमाने एकच स्क्रीन तयार झाला. माझी एकही रेघ हलली नाही. पुढच्या वेळी डॉक्टरांचा फोन आला, तेव्हा तो कानाला असतानाच सिस्टरांनी पिशवी शोधून दिली.

मित्रांनो, माहिती नीट ठेवणे हे माझे काम. ती माणसाला चटकन सापडेल अशी मांडणे, हे वेगळे काम. दोन्हींची निगा राखा. एकाचा राग दुसऱ्यावर काढू नका. मला हवा तर नवा चौकोन जोडा, जुनी रेघ विचार करून पुसा. पण बटण सापडत नाही म्हणून माझ्यावर हातोडा उचलाल, तर मी आडवा येईन. आजही.