हर्षालीचा हात

नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या एका शाळेत विशेष मुलांसाठी मागच्या बाजूला दोन खोल्या होत्या. मुलं नऊ आणि त्यांना सांभाळायला दोघी. दीपमाला शिक्षिका, अकरा वर्षं हेच काम करत आलेली. आणि मंगलाबाई, जिला सगळी शाळा मावशी म्हणायची. मावशी पेठकडची. आधी द्राक्षाच्या बागांत मजुरीला जायची, चार वर्षांपूर्वी या शाळेत लागली. वर्ग चालू असताना तिनं दारात बसायचं आणि तिथून हलायचं नाही, असा दीपमालानेच घातलेला नियम होता.

मुलांमध्ये सात वर्षांची हर्षाली होती. ती बोलत नसे. पाणी हवं असलं की ग्लासाचं चित्र उचलून हातात द्यायची, एवढं दीड वर्षात तिला जमलं होतं. तिचे वडील भारत तिला रोज दिंडोरीजवळच्या वस्तीवरून मोटारसायकलवर आणायचे, स्वतःच्या पोटाशी ओढणीनं बांधून.

डिसेंबरात स्नेहसंमेलनाची तयारी चालली होती. त्या दिवशी संस्थेचे लोक सराव बघायला येणार होते आणि वर्गात खुर्च्या कमी पडत होत्या. दीपमाला म्हणाली, "मावशी, हॉलमधून चार खुर्च्या आणा पटकन."

"दारात कोण बसंल?"

"मी आहे ना."

मावशी गेली. तेवढ्यात रविराज नावाच्या मुलाला फेटा सहन होईना. तो डोकं भिंतीवर आपटायला लागला. दीपमालाने त्याला मिठीत धरलं, शांत केलं, फेटा सोडला. मान वर केली तेव्हा हर्षाली वर्गात नव्हती.

वीस मिनिटं सापडली नाही. शेवटी दीपमालालाच दिसली, मागे नव्या इमारतीचं काम चाललं होतं तिथं, कठडा नसलेल्या जिन्याखाली. वाळूत बसली होती, तोंडानं एकच सूर धरून गुणगुणत होती. रडत नव्हती. कोपराला जरा खरचटलं होतं. दीपमालाने तिचे कपडे झटकले आणि तिला कडेवर घेऊन वर्गात आणलं. एव्हाना मावशीही शोधून परत आली होती. तिनं हर्षालीकडे बघितलं आणि हळूच म्हणाली, "ताई, दाढ दुखायची तेव्हा ही असंच करायची. हिला कुठंतरी लागलंय."

"घाबरलीय ती," दीपमाला म्हणाली. पाहुणे व्हरांड्यात पोचले होते.

नंतर मुख्याध्यापिकांनी बोलावून घेतलं. मूल सुखरूप आहे, मग पालकांना उगाच काळजीत कशाला टाकायचं, असं त्यांचं म्हणणं पडलं. दीपमालाला ते पटलं नाही, पण बरं मात्र वाटलं. साडेबाराला भारत आले तेव्हा ती फक्त खेळताना थोडं खरचटलंय एवढंच बोलली. त्यांनी नेहमीसारखी ओढणी बांधली आणि गाडी सुरू केली.

संध्याकाळी हर्षालीच्या आईचा, सविताचा, फोन आला. पोरगी आल्यापासून गुणगुणतेय, जेवत नाही, डावा हात लावू देत नाही, असं ती सांगत होती. मग तिनं सरळच विचारलं, "मॅडम, शाळंत कुठं पडली का ती?"

खरं सांगायला तेवढा एक क्षण पुरेसा होता. दीपमाला म्हणाली, "नाही हो. गाण्याचा सराव चाललाय ना, तेच गुणगुणत असेल. आज गर्दीनं बावरली होती, हट्ट करेल दोन दिवस."

तिसऱ्या दिवशी कोपर सुजून टणक झालं तेव्हा त्यांनी तिला नाशिकला दवाखान्यात आणलं. हाड मोडलं होतं, सरकलं होतं आणि त्यावर तीन दिवस गेले होते. ऑपरेशन करून तारा घातल्या. हात पूर्ण सरळ होईल याची खात्री डॉक्टरांनी दिली नाही.

भारत शाळेत आले. त्यांनी आवाज चढवला नाही, फक्त काय झालं ते दाखवा म्हणाले. व्हरांड्यातल्या कॅमेऱ्यात हर्षाली एकटी बाहेर जाताना दिसत होती आणि दारातलं मावशीचं स्टूल रिकामं होतं. मुख्याध्यापिकांनी विचारलं, "मंगलाबाई कुठे होत्या?"

मावशी तिथंच उभी होती. तिनं दीपमालाकडे पाहिलं.

"खुर्च्या आणायला गेल्या होत्या," दीपमाला म्हणाली. त्यात खोटं काही नव्हतं. मी पाठवलं होतं, दारात मी होते, ही दोन वाक्यं राहिली. मावशीनं थोडा वेळ वाट पाहिली आणि मग पदराच्या टोकाची घडी घालत खाली बघत राहिली. त्याच आठवड्यात तिला कामावरून काढलं.

नवी बाई आली. स्नेहसंमेलन पार पडलं. हर्षाली काही परत आली नाही. दीपमाला रोज हजेरी घ्यायची आणि त्या नावावर थांबायची. घरी नवऱ्याला, दिनेशला, तिनं सगळं सांगितलं तेव्हा त्यानं टीव्ही बंद केला. मग म्हणाला, हे मला सांगून काय उपयोग.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी ती वस्तीवर गेली. सविता ओट्यावर हर्षालीच्या हाताला कोमट तेल लावत होती. दीपमाला उभ्यानंच बोलली. मावशीला मी पाठवलं, दाराकडे मी पाठ केली, जिन्याखाली मला सापडली, फोनवर मी खोटं बोलले. सगळं सांगून झालं तेव्हा तिला वाटलं, आता ही ओरडेल.

सविता तेल लावायची थांबली नाही. "मी विचारलं होतं तुम्हाला," ती म्हणाली. "मला म्हाईत होतं तिला दुखतंय. पण तुम्ही शिकलेल्या, तुम्हीच म्हणल्या हट्ट हाय. दुसऱ्या दिवशी जेवंना, तर मी तिला मारलं. ह्याच हातावर मारलं."

सवितानं वाटीतलं तेल पुन्हा तळव्यावर घेतलं.

"तुम्ही नुसतं पडली म्हणल्या असत्या, तरी मी तिला मारलं नसतं."

हर्षालीनं दीपमालाला ओळखलं की नाही, कळलं नाही. ती आईच्या बांगड्या फिरवत बसली होती. शनिवारी येऊन हिला शिकवत जाऊ का, असं दीपमालाने विचारलं. सविता म्हणाली, "नको, मॅडम. आता नको."

सोमवारी दीपमालाने घडलेलं सगळं लिहून मुख्याध्यापिकांकडे दिलं आणि एक प्रत संस्थेला पाठवली. महिनाभरानं तिला राजीनामा द्यायला सांगितलं. तिनं दिला. त्या पत्रानंतर वर्गाला आणखी एक मावशी मिळाली, जिन्याला कठडा बसला, आणि मूल पडलं-झडलं तर त्याच दिवशी पालकांना कळवायचं असं ठरलं. तिच्या जागी आलेल्या शिक्षिकेनं तिला हे फोन करून सांगितलं.

मंगलाबाईला शोधायला वेळ लागला. ती पुन्हा मजुरीला लागली होती, दिंडोरीकडच्या एका बागेत. दुपारच्या सुट्टीत बायका वेलींच्या सावलीत भाकरी खात होत्या. मावशीनं तिला बसायला गोणपाट दिलं. दीपमालाने पत्राचं सांगितलं, तुमच्यावरचा ठपका काढलाय, शाळा परत घ्यायला तयार आहे, असंही म्हणाली.

"मला वाटलं, तुम्ही बोलाल," मावशी म्हणाली. "म्हणून मी गप ऱ्हायले. मी बोलले असते तर तुमच्यावर आलं असतं."

"शाळेत या परत, मावशी."

"नाय, ताई. हितं घडाला धक्का लागला तर घड जातो. तिथं पोर व्हती." तिनं भाकरीचा तुकडा मोडला, पण खाल्ला नाही. मग विचारलं, "तिचा हात व्हतो का सरळ?"

"पूर्ण नाही होत."

मावशीनं मान हलवली. थोड्या वेळानं मुकादमानं हाक मारली, तशी ती उठली, डोक्याला फडकं बांधलं आणि बाकीच्या बायकांबरोबर ओळीत शिरली. दीपमाला थोडा वेळ तिथंच बसून राहिली. मग गोणपाटाची घडी घालून बांधावर ठेवली आणि फाट्याकडे चालू लागली.