शून्य युनिटचा माणूस

साहेब, तुम्ही खोटं लिहिलंत. खात्याच्या शिक्क्यानिशी, तीन सह्या ठोकून, 'सदर घरात कोणीही राहत नाही' असं लिहिलंत, आणि तो कागद दिलात कुणाच्या हातात? त्याच घरात राहणाऱ्या माझ्या भावाच्या. वर पोच म्हणून त्याची सही घेतलीत. नसलेल्या माणसाचं अक्षर मोठं सुरेख आहे हो.

माझा भाऊ साधुसंत नाही, हे मीच सांगून टाकते. तुम्हाला चौकशीचा त्रास नको. एकतीस वर्षं तो तुमच्याच वीज खात्यात लाइनमन होता. अजूनही लोक त्याला फ्यूजदादा म्हणतात. निवृत्त झाल्यावर खात्याच्या वसाहतीतलं दोन खोल्यांचं घर त्याला हयातभर मिळालं. अट एकच: स्वतः राहायचं, घर बंद ठेवायचं नाही. त्या घरात पाऊल टाकल्या टाकल्या या गृहस्थाने काय केलं, तर वीज तोडली.

"जन्मभर तारांची चाकरी केली," म्हणाला. "आता सूर्याबरोबर उठायचं आणि सूर्याबरोबर निजायचं."

ऐकायला छान. पण सूर्य फोन घेत नाही. डॉक्टरचा फोन मला येतो, पेन्शनचा ओटीपी मला येतो. डोळ्यांत घालायचं औषध थंड ठेवावं लागतं, ते माझ्या फ्रिजमध्ये, लोण्याला खेटून. त्याचं साधं जगणं नीट चालावं म्हणून माझ्या घरात सतरा यंत्रं राबतात. मी शिवणकाम करते, मोटार लावलेल्या मशीनवर. हा दुपारी येतो, माझ्या पंख्याखाली ऐसपैस बसतो आणि सल्ला देतो, "पायाने चालव गं, गुडघे मोकळे राहतात." एकदा मी म्हटलं, "दादा, आधी पंख्याखालून ऊठ, मग गुडघ्यांचं बघू." उठला नाही.

तर, वीज तोडताना त्याने मीटरला हात लावला नाही. मीटर खात्याची मालमत्ता, त्याला हात लावणं गुन्हा. त्याने मीटरच्या पुढची तार सोडवली, टोकं बंद केली, वर पट्टी गुंडाळली. काम इतकं चोख की दीड वर्षात मीटर शून्यावरून हलला नाही. दुसऱ्या कुणी केलं असतं तर कुठेतरी गळती राहिली असती, महिन्याला एखादं युनिट पडलं असतं आणि तेवढ्यावर तो तुमच्या लेखी जिवंत राहिला असता. तुमचा नवा मीटर स्वतःच कचेरीला कळवतो ना! त्याने कळवलं: शून्य. यंत्राने ठरवलं: घर रिकामं. आणि नोटीस निघाली की वीस तारखेला घर खात्याच्या ताब्यात जाणार.

मी दादाला धरून कचेरीत नेलं. टोकन घेतलं, दोन तास बसलो. खिडकीतल्या बाईंनी पडद्यावर बघितलं.

"इथे कुणी राहत नाही."

"मी राहतो," दादा म्हणाला.

"तसं सिस्टिममध्ये दिसत नाही, काका."

"मी इथे, तुमच्यासमोर दिसतोय ना?"

"तुम्ही दिसताय हो. वापर दिसत नाही." मग बाईंना आमची दया आली. खिडकीला तोंड लावून हळूच म्हणाल्या, "ताई, एक हीटर आणा. महिनाभर चालू सोडा. कुणी खोलीत बसायचीही गरज नाही."

म्हणजे साहेब, तुमच्या यंत्राला रिकामी तापलेली खोली चालते, भरलेली थंड खोली चालत नाही.

वाटेत मी हात जोडले. "दादा, घर जाईल रे. एक बल्ब लाव. कोपऱ्यात, तोंड भिंतीकडे करून लाव, तुला दिसणारही नाही."

"मला नको असलेला बल्ब मी दुसऱ्याला दाखवायला लावू? मग ते घर माझं की बल्बचं?"

"बल्बचं तर बल्बचं! छप्पर तर राहील ना डोक्यावर!"

हात झटकून पुढे चालू लागला. माझ्या भावाने हात झटकले म्हणजे नकार, हे पन्नास वर्षांत मला पाठ झालंय.

मग मी अर्जावर अर्ज केले. शेवटी अठरा तारखेला तुमचा तपासनीस आला. माणूस भला होता. हातात टॅबलेट. दादाने त्याला चहा दिला, पाठ टेकायला उशी दिली. त्याने बिछाना बघितला, दोरीवरची ओली बनियन बघितली, हसून म्हणाला, "काका, तुम्ही तर चांगले ठणठणीत राहताय." मला वाटलं, सुटलो.

तेवढ्यात टॅबलेट बंद पडला. चार्जिंग संपलं. तपासनीस चार्जर हातात घेऊन एकेक बटण दाबत भिंतीभर फिरला. दादा खुर्चीत बसून बघत होता, चेहऱ्यावर काय समाधान! मी धावत घरी गेले, माझी पॉवर बँक आणली. टॅबलेट जिवंत झाला आणि पुढचा रकाना उघडला: घरातील चालू विद्युत उपकरणाचा फोटो जोडा. सक्तीचा रकाना. फोटोशिवाय पुढे जाता येत नाही.

तपासनीस डोकं खाजवत म्हणाला, "काका, ही पॉवर बँक टेबलावर ठेवतो, हिचाच फोटो काढतो. काम होऊन जाईल."

"ती हिची आहे," दादा म्हणाला.

"अहो, कुणाला कळतंय?"

"मला कळतंय. एकतीस वर्षं नोंदवहीत खोटं लिहिलं नाही मी. तार तपासली नसेल तर तपासली लिहिलं नाही. तुम्ही जे आहे ते लिहा."

मी म्हटलं, "दादा, तुझ्या पाया पडते, आता तरी तोंड मिट!" तपासनीसही हात जोडायला आला होता. दादा ढिम्म. शेवटी त्या बिचाऱ्याने 'उपकरण नाही' वर बोट टेकवलं. तुमच्या शहाण्या यंत्राने पुढचा रकाना आपणहून भरला: 'रहिवासी नाही.' त्याला तो पुसता येईना. नोंद वर निघून गेली. आम्ही तिघं त्या पडद्याकडे बघत उभे, आणि घरात कुणीच नाही.

मला राग कुणाचा जास्त आला, सांगू? तुमचा तर आलाच. पण दादाचाही आला. चुकीच्या रकान्यात बरोबर उत्तर देऊन याला कुठलं बक्षीस मिळणार होतं?

वीस तारखेला सकाळी तुमची माणसं आली. पंचनामा केला. 'खाट एक, भांडी नऊ, पुरुषाचे कपडे, सर्व बेवारस.' दादा पायरीवर उभा राहून त्यांना आकडा दुरुस्त करून देत होता: "भांडी दहा आहेत, एक खिडकीत वाळतंय." त्यांनी दहा लिहिलं. त्याचं ऐकून लिहिलं! आणि खाली लिहिलं, 'कारवाईच्या वेळी घरात कोणी आढळले नाही, कोणालाही बाहेर काढण्यात आले नाही.' दाराला सील लावलं. दादाने ते बोटाने चाचपून बघितलं आणि म्हणाला, "लाख कमी घातलीत, निघेल." जुनी खोड.

त्या दिवसापासून तो माझ्याकडे आहे. पुढच्या खोलीत, पंख्याखाली. त्याचे कपडे माझ्या मशीनमध्ये धुतले जातात, त्याचं पाणी माझ्या गीझरवर तापतं. आता पायाने मशीन चालव म्हणत नाही. खिडकीतून उजेड सरकतो तशी खुर्ची सरकवतो आणि अंधारलं की उठून झोपतो.

आणि काल माझ्या फोनवर तुमच्या खात्याचा संदेश आला. 'आपल्या घरातील वीजवापरात वाढ झाली आहे. आपल्याकडे एक अतिरिक्त व्यक्ती राहत असल्याचे आढळले आहे. सदर व्यक्ती पूर्वी कोठे राहत होती, ते सात दिवसांत कळवा.'

सापडला तर! दोन तास कचेरीत बसला होता तेव्हा सापडला नाही, गीझर लावला तेव्हा सापडला.

फॉर्म उघडून बसले आहे. पूर्वीचा पत्ता सक्तीचा आहे, सोडता येत नाही. तो पत्ता घातला की लाल अक्षरं येतात: 'या पत्त्यावर कोणीही राहत नव्हते.' खोटा पत्ता दादा घालू देत नाही; मागेच उभा आहे. तेव्हा साहेब, आता तुम्ही सांगा, तुम्ही त्या घरातून कुणाला बाहेर काढलंत? त्या रकान्यात मी काय लिहू? सात दिवस तुम्हालाही देते. लेखी उत्तर पाहिजे, आणि खाली यंत्राची नको, तुमची सही पाहिजे.