हजारात एखादं

नर्स मालियाची गाडी रस्त्याच्या कडेला थांबली, तशी लाफाएलेने झावळ्यांचे पडदे एकामागून एक खाली सोडायला घेतले. घराला भिंती नव्हत्या, नुसते खांब. भरदुपारी, वारा पडलेला असताना, गावात कुणी पडदे सोडत नसे.

"काय मास्तर, एकट्यानेच डुक्कर भाजून खाताय की काय?" शेजारच्या पोसालाने अंगणातून हाक दिली.

"बाळाला खोकला झालाय."

लाफाएले चर्चमधल्या गाणाऱ्यांचा मास्तर होता. पाठमोरा उभा असला तरी मागे कुणाचा सूर हलला ते त्याला कळे. तिरेसा जन्मली तेव्हापासून हा खोकला तो गावभर सांगत होता. सवाई बेटावरून तिला बोटीने राजधानी आपियाच्या इस्पितळात नेलं, तेव्हाही खोकल्यासाठीच.

पेलेनिसे, त्याची बायको, बाळाला मांडीवर घेऊन चटईवर बसली. लाफाएलेची म्हातारी आई खांबाला टेकली होती.

"मोठ्या तपासणीचं उत्तर आलं," नर्स म्हणाली. "तिरेसाला दोन्ही कानांनी ऐकू येत नाही. आणि हे कायमचं आहे."

पेलेनिसेने फक्त बाळाचं दुपटं नीट केलं.

"जरा हळू बोला," लाफाएले म्हणाला.

नर्सने आवाज खाली आणला. "हजार बाळांमागे एखाद-दोन बाळं अशी जन्मतातच, मास्तर. तुमचं काही चुकलं म्हणून नव्हे. लवकर कळलं हे बरं झालं. कानाला यंत्र लावून बघता येईल, हातांची भाषा शिकवता येईल. ती मात्र घरातल्या सगळ्यांनीच शिकायला हवी."

"हजारातलं एक, ते नेमकं माझ्याच घरी." त्याची मान खाली होती. "गावाला गायला शिकवणारा मी. उद्या कुठल्या तोंडाने उभा राहू? आमच्या गावात आजवर असं कुणी निपजलं नाही."

"प्रत्येक गावात मला हेच सांगतात."

तेवढ्यात बाळाने भोकाड पसरलं. पेलेनिसेने पाजून पाहिलं, हलवून पाहिलं. मागच्या खांबापाशी चटई विणत बसलेल्या लाफाएलेच्या म्हाताऱ्या आत्याची नजर वर गेली. ती उठली, काही न विचारता बाळाला उचललं आणि त्याचा इवला तळवा स्वतःच्या गळ्यावर ठेवून घुमल्यासारखा जाड, बेसूर आवाज काढत राहिली. रडणं थांबलं.

"तिच्याकडे नको ठेवूस," लाफाएले बायकोवर खेकसला. "खुळी आहे ती, पाडेल."

नर्स आत्याकडे निरखून पाहत होती. तिने मागून दोनदा हाक मारली. आत्या वळली नाही.

"यांना कधीपासून ऐकू येत नाही?"

"ऐकू? छे, ती जन्माचीच खुळी आहे."

नर्स उठून आत्याच्या समोर गेली, बाळाकडे बोट दाखवलं आणि भुवया उंचावल्या. आत्याने तिच्याकडे बराच वेळ पाहिलं. मग बाळाच्या कानाला हलकेच बोट लावलं आणि हाताने नाही म्हटलं. मग तेच बोट स्वतःच्या कानाला लावलं, आणि पुन्हा नाही.



लहानपणी सगळी पोरं आत्याच्या पाठीमागून चालत, डुकरांसारखी ओरडत. लाफाएले सगळ्यांत पुढे असे, कारण आवाज त्याचाच खणखणीत. ती कधी वळायची नाही, म्हणूनच मजा यायची. आता त्याच्या कानांच्या पाळ्या तापल्या. त्याने नर्सकडे पाहायचं टाळलं, मग बायकोकडेही.

"नाव काय यांचं?" नर्सने विचारलं.

लाफाएलेने तोंड उघडलं. खुळी, एवढंच येत होतं त्याला. त्याने आईकडे पाहिलं.

म्हातारीने पदराशी चाळा केल्यासारखी कमरेला नेसलेल्या लावालावाची किनार बोटाला गुंडाळली, सोडली. "मी सून होऊन आले तेव्हा सासूबाई हाक मारायच्या," ती म्हणाली. "एलिसापेता. एलिसापेताच."

लाफाएले उठला. गावच्या वडीलधाऱ्यांपुढे बसतात तशी आत्यासमोर मांडी घालून बसला आणि ते नाव घेतलं, स्पष्ट, भरल्या आवाजात.

ती बाळाकडे पाहत होती.