नानांनी केलेल्या दोन सीटा

आमच्या घरात मला 'मोडतोड खातं' म्हणतात. नाव नवऱ्यानं ठेवलं आणि ते चिकटलं. तसं त्यात खोटं काहीच नाही. गाड्यांच्या सीटा, पट्टे, लहान मुलांच्या खुर्च्या तुटेपर्यंत ओढायच्या, हादरवायच्या, आणि कुठे तुटल्या ते लिहून द्यायचं, याचाच मला पगार मिळतो. आमच्या चाचणीतून पास झालेली वस्तूसुद्धा पुन्हा कुणी वापरत नाही, कारण तिनं आतून काय सोसलं ते वरून दिसत नाही. म्हणून वस्तू जोडीनं मागवतात, एक मोडायला आणि एक वापरायला.

हे नानांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, चांगलं ठाऊक होतं. ते आयुष्यभर लोखंडी कपाटं आणि खाटा करायचे. निवृत्तीनंतर बंद पडलेलं त्यांचं वेल्डिंग मशीन एक दिवस पुन्हा सुरू झालं आणि त्यातून सायकलच्या मागं बसवायच्या दोन सीटा निघाल्या. नात चार वर्षांची, तिला आम्ही चिमणी म्हणतो. तिला सायकलवरून शाळेत सोडायचं, असं नानांनी परस्पर ठरवून टाकलं होतं. दोन्ही सीटा इतक्या सारख्या की जुळ्या म्हणाव्यात.

"यातली एक मोड," ते मला म्हणाले. "कुठली ते तूच ठरव, माझ्याच्यानं होणार नाही."

मी न बघता डावीकडची उचलली.

प्रयोगशाळेत सीट हादऱ्याच्या मशीनवर बसवली. तिच्यात चिमणीच्या वजनाचं वाळूचं बाहुलं पट्ट्यानं आवळलं आणि मशीन सुरू केलं. खड्डे, गतिरोधक, फुटपाथची कड, सगळं ते मशीन एका जागी उभं राहून सीटला खायला घालतं. मी बाजूला उभी राहून मनात घोकत होते, टिक गं बाई, टिक. परीक्षकानं असं करायचं नसतं. शेवटी सीट दिसायला जशीच्या तशी होती. मी सांध्यांना लाल रंग लावला, पुसला आणि वरून पांढरी पूड मारली. उजव्या हातटेक्याच्या जोडावर आत मुरलेला रंग वर येऊन केसासारखी लाल रेघ उमटली. तडा. वेल्डिंग जोडावरून घसरून बाजूलाच बसलं होतं, आणि घरी ठेवलेल्या जुळीतही ते तसंच असण्याची भीती होती.

आमचा वेल्डर म्हणाला, "दुसरी गुपचूप आणा. पक्की करून देतो, म्हाताऱ्यांना कळणारसुद्धा नाही." खोटं कशाला बोलू, मला ते पटलं होतं. घरी येईपर्यंत पटलेलंच होतं.

नाना दारातच उभे होते. "कुठे तुटली?" त्यांनी विचारलं. पास झाली का, असं नाही विचारलं.

मग माझ्याच्यानं थाप मारवेना. मी सीट पिशवीतून काढली आणि रेघ दाखवली. त्यांनी तिच्यावरून अंगठा फिरवला.

"हात हलला होता," ते म्हणाले. "हल्ली हलतो. तुझ्या नवऱ्याला सीट दाखवली, तर म्हणाला झकास. चहा सांडला तर म्हणतो, कपच काठोकाठ भरला होता. माझ्यावर जीव आहे ना त्याचा. म्हणून तुझ्याकडे दिली."

"म्हणजे माझा नाही का जीव?" मी फणकारले.

"तुझा चिमणीवर जास्त आहे. या कामाला तसंच माणूस लागतं." त्यांनी सीट खाली ठेवली. "सीट कुणीही नीट करील. पण हँडल याच हातांनी धरायचंय. तू सांग पोरी, नेऊ मी तिला?"

आजवर ढीगभर वस्तू नापास केल्या, कधी जीभ अडखळली नव्हती.

"नको, नाना."

त्यांनी मान हलवली. मी त्यांचा हात हातात घेतला. तो थरथरत होता. मी तो दाबून स्थिर करायला गेले नाही, नुसता धरून ठेवला. मला त्यांची फार माया आली आणि रडूही आलं.

तेवढ्यात चिमणी धावत आली. "नाना, सीट झाली?"

"होईल. पण सायकल आई चालवणार."

"आणि तुम्ही?"

नानांनी माझ्याकडे बघितलं.

"नाना आपल्या बाजूनं चालतील," मी म्हणाले. "मी त्यांच्याइतकीच हळू चालवीन."

"इतकी हळू चालवलीस तर पडशील," नाना म्हणाले.

"मग मी उतरेन. सीटवर चिमणी, एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला तुम्ही. ढकलत नेऊ."

"शाळेला उशीर होईल," चिमणी म्हणाली.

"होऊ दे," नाना म्हणाले, आणि पक्की करायला द्यायची दुसरी सीट आणायला आत गेले.