मोहल्ल्याची कढई आणि पऱ्हाटी

शेजारच्या रोझिमतने मोहल्ल्याची मोठी कढई माझ्या पडवीतून हातगाडीवर चढवली, त्या दिवशी कोकंद शहराकडचं वारं असं सुटलं होतं की छपरावर सरपणाला रचलेल्या कापसाच्या पऱ्हाट्या जागेवर ठरत नव्हत्या. तोही ठरत नव्हता. त्या हिवाळ्यात चहाचा प्याला संपेपर्यंत एका जागी बसलेला मी त्याला पाहिला नाही. कढई कशाला हवी, असं मी विचारलं नाही. मोहल्ल्याची कढई नेणाऱ्याला कारण विचारायचं नाही, आणि त्याने ती परत करताना तिच्यात जे शिजलं त्यातलं वाडगाभर सांभाळणाऱ्याच्या घरी द्यायचं, ही आमच्याकडची रीत. अंगण मोठं म्हणून कढई माझ्याकडे. त्यामुळे गावातल्या लग्नांचा आणि मयतांचा पुलाव माझ्या पोटात गेलेला आहे.

दुपारी भिंतीपलीकडून वास आला तो पुलावाचा नव्हता. कुणी साबण आणि ओलं लाकूड एकत्र उकळावं तसा घशाला झोंबणारा वास. मी डोईच्या रुमालाचा पदर नाकाला लावून गेले. बाहेर चूल पेटलेली, वर आपली कढई, आणि आत काळ्या पाण्यात पऱ्हाटीचे तुकडे रटरटत होते. रोझिमत फावड्याच्या दांड्याने ढवळत होता. त्याची बायको सबोहत बाजूला बसून काड्यांची साल सोलत होती आणि तिचे हात लालभडक झाले होते.

“हे काय शिजवतोस रं?”

“पऱ्हाटी, आपा.”

“ती तंदुरात घालायची असती. खायची न्हाई.”

“तंदुरात घातली की राख व्हती,” तो म्हणाला. “हितं काडीतला चिकटा कॉस्टिक सोडा खाऊन टाकतो, आन् मागं जे ऱ्हातं ते कापसावानी. त्येलाच सेल्युलोज म्हंत्यात. त्याचा कागद व्हतो.”

“कापूस तर आपुन वेचलाच की, आपा, पाठ मोडंस्तवर,” सबोहत मान वर न करता म्हणाली. “आता ह्यो मला काडीतनं बी वेचाय लावतोय.”

बोलली तरी हात थांबवला नाही तिने. का थांबवेल? तालुक्याला पुठ्ठ्याचा नवा कारखाना निघाला होता. तिथला इंजिनियर रोझिमतला बोलून गेला होता की पऱ्हाटीतून पांढरा लगदा काढून दाखव, मग तुमच्याच गावात उकळायची शेड घालतो आणि तिच्यावर तुलाच नेमतो. हे जमलं नाही तर वसंतातला नवरोजचा सण झाला की बस यायची आणि गावातल्या बाकी पुरुषांबरोबर तोही रशियाला बांधकामावर जायचा. मागच्या खेपेला तो परतला तेव्हा त्याची धाकटी लेक आईच्या मागे लपली होती. हा पाव्हना कधी जायचा, असं तिने सगळ्यांसमोर विचारलं होतं. सबोहत ते अजून विसरलेली नव्हती, आणि तो तर मुळीच नाही.

पहिला लगदा चहाच्या रंगाचा निघाला. तो त्याने पाटाच्या पाण्यात धुतला, उखळात कुटला, ब्लीचिंग पावडरीत भिजवला, पुन्हा धुतला. तरी पिवळाच. साल राहिली म्हणून, असं म्हणत त्याने नव्याने काड्या सोलायला घेतल्या. चार दिवस हेच चाललं: उकळताना पाटाकडे धावायचा, पाटावर गेला की जाळ विझेल म्हणून परत धावायचा. सबोहतची पिठाची चाळणी कामी आली. तिच्यावर लगदा पसरून, दोन फळ्यांत दाबून त्याने एक ताव काढला आणि भिंतीला वाळत लावला. वाऱ्याने तो उचलला. गल्लीतल्या बायका आपापलं काम टाकून त्याच्यामागे पळाल्या, आणि माझ्या जर्दाळूच्या झाडाला अडकला म्हणून हाती लागला. पण ताव पांढरा होता. मी तो हातात धरला तेव्हा मलाच उगाच भरून आलं.

त्या संध्याकाळी त्याने झाकण घातलेली कढई आणून दिली, आणि वर फडक्याने झाकलेला वाडगा. आत ओला लगदा.

“रीत हाय, आपा,” तो म्हणाला आणि पहिल्यांदा हसला. मी तो वाडगा टाकून दिला नाही, पडवीत ठेवला.

दुसऱ्या दिवशी तो ताव कोऱ्या रुमालात गुंडाळून तालुक्याला गेला आणि जेवणाच्या आधीच परतला. इंजिनियरने ताव खिडकीच्या उजेडात धरला म्हणे, बोटांनी ओढून बघितला, चांगला आहे म्हणाला. पण मालकांनी आता तयार लगदा बाहेरून मागवायचं ठरवलं होतं. शेड होणार नव्हती. हे सांगताना रोझिमत अंगणात या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरत होता. सबोहतने सोललेल्या काड्यांचा भारा उचलला आणि तंदुरात घातला. त्याच दिवशी तिच्या भावाचा रशियातून फोन आला की रोझिमतची जागा धरून ठेवली आहे.

आणि मग तुर्गुन बोबोंच्या नातवाचं लग्न आलं. बोबो म्हणजे आमच्या मोहल्ल्याचे आजोबाच, त्यांच्या शब्दापुढे कुणी जात नाही. पुलाव रांधणारा यिगिताली उस्ताद कढई न्यायला आदल्या दिवशी आला, झाकण काढलं आणि आतून बोट फिरवून पाहिलं. मीही वाकून पाहिलं. बिडाची ती कढई आतून पिढ्यान्‌पिढ्यांच्या तेलाने काळीभोर, काचेसारखी गुळगुळीत होती. आता ती राखेच्या रंगाची उघडी पडली होती आणि कडेला तांबूस गंज धरला होता. सोड्याने काडीतला चिकटा खाल्ला तसं कढईचं तेलही खाल्लं होतं. उस्ताद म्हणाला, हिच्यात तांदूळ टाकला तर खरवडून काढावा लागेल. लग्नाला शेजारच्या गावाची कढई मागून आणावी लागली, आणि ती देताना त्या गावच्या बायकांनी काय काय ऐकवलं ते मी इथे लिहीत नाही.

लग्न पार पडल्यावर बोबोंनी रोझिमतला माझ्या अंगणात बोलावलं. बस दोन दिवसांवर होती. रोझिमत खाली मान घालून म्हणाला, रशियातून पहिल्या कमाईत नवी कढई धाडतो.

“नवी आनशील,” बोबो म्हणाले. “हिच्यात माझ्या लग्नाचं त्याल व्हतं. माझ्या बापाच्या मयताचं व्हतं. ते कुटनं आनशील?”

रोझिमतने कढईच्या गंजावर अंगठा घासून पाहिला.

“तू उतरवलंस, तूच चढव. उस्तादाच्या हाताखाली ऱ्हा. हिच्याखाली जाळ तू लावायचा, कांदा तू परतायचा, धुवून त्याल तू लावायचं. पयल्यासारखी काळी होईस्तवर गाव सोडायचं न्हाई.”

सबोहत चहा ओतत होती. तिने पापणी उचलली नाही, पण ओठाचा कोपरा हलला. ती आदल्या दिवशी बोबोंच्या म्हातारीकडे जाऊन रडली होती, हे तिनेच मला नंतर सांगितलं.

बस गेली तेव्हा रोझिमत मेंढीच्या शेपटीची चरबी कढईत वितळवत होता. सुरुवातीला त्याचा पुलाव खाली लागायचा आणि लोक ताटावर बसून त्याला कागदवाला म्हणायचे. आता उस्तादाचे गुडघे गेलेत, आणि आजूबाजूच्या गावांतूनही रोझिमतलाच बोलावणं येतं. त्यावर त्याचं घर चालतं, रडतखडत का होईना. त्याचा तो ताव सबोहतने खिडकीच्या फुटक्या काचेवर चिकटवला आहे.

पण नवरोज झाला, वारं सुटलं आणि बसचा भोंगा वाजला की त्याचे पाय अजून ठरत नाहीत. मग तो माझ्या पडवीत येतो आणि कढई काळी झाली का बघा म्हणतो. आम्ही बायका जमतो, वाकतो, बोट फिरवतो आणि सांगतो, “अजून करडी हाय.” एकीनेही आजवर वेगळं सांगितलेलं नाही.

यंदा तो आला तेव्हा धाकटी त्याचं बोट धरून होती. आम्ही वाकायच्या आधी तीच कढईत डोकावली.

“बा, तुजं तोंड दिसतंय की ह्यात.”

आम्ही सगळ्या एकमेकींकडे बघत राहिलो. रोझिमतही वाकला. काळ्याभोर कढईतलं आपलं तोंड त्याने बराच वेळ पाहिलं. बाहेर भोंगा वाजत होता.

“न्हाई गं,” तो म्हणाला. “अजून करडीच हाय.”

आणि खांद्यावरच्या फडक्याने तो कढईला तेल लावू लागला.